तो राग नव्हता, भाऊजी

वडगाव, बेळगाव
३ सप्टेंबर २०२४

परशराम भाऊजी,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी बातमी ऐका. तुमच्या अण्णांच्या डोक्याचा फोटो काढला. एमआरआय म्हणतात त्याला. आणि त्यात सापडलं. गेलं दीड वर्ष ज्याला आपण सगळे राग राग म्हणत आलो, ते फोटोत दिसतं, बोट ठेवून दाखवता येतं. मी ठेवलंच बोट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्क्रीनला हात लावू नका. तरी ठेवलं.

फोन तुम्ही उचलत नाही. विक्रमच्या मोबाईलवरून केला, उचलला नाही. गल्लीतल्या अंबुबाईच्या मोबाईलवरून केला तर उचललात आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलात. म्हणून पत्र. सातवी शिकलेल्या बाईचं आहे, शुद्धलेखन बघायचं नाही. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुम्ही दुसरीत होता आणि नवाचा पाढा तुम्हाला मी शिकवलाय, तेव्हा माझ्या चुका काढायचा हक्क तुम्हाला नाही.

झालं असं. मला वाटत होतं, ह्यांचे डोळे गेले. मागाजवळ जात नाहीत, पेपर धरतात आणि तसाच ठेवतात. म्हणून चष्म्याच्या नंबरासाठी नेलं. डोळे ठीक निघाले. तिथल्या मुलीनं सहज बीपी बघितलं आणि तिचाच चेहरा उतरला. एकशे नव्वदच्या वर. तिथून मोठ्या दवाखान्यात.

तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत, गोकाककडच्या. मराठी बोलतात, पण हेल कन्नड. मी आपली सांगायला लागले, जेवत नाहीत, बोलत नाहीत, हलत नाहीत, नातवाचं बारसं झालं तरी ह्यांचा चेहरा जसाच्या तसा. अर्धा तास सांगितलं असेल. त्या म्हणाल्या, ‘अम्मा, स्वल्प सुम्मनिर्री.’ म्हणजे जरा गप्प बसा. मग ह्यांना विचारलं, काम काय करता? हे म्हणाले, ‘इणतो.’

‘बरं. साडी मागावर घ्यायची तर आधी काय करायचं, मग काय, मग काय, एवढं सांगा.’

भाऊजी, मला हसू आलं. पंचावन्न वर्षं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला हे विचारायचं? हे म्हणाले, ‘ताणा आणायचा.’ मग? ‘मग गाठी.’ मग? मग काही नाही. तोंड उघडं, हात पुढं धरलेले, जसा काही माग समोर आहे, आणि पुढचं येईना. मी म्हटलं, ‘सांगा की वो.’ तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. घाबरले होते. शाळेत कविता विसरलेलं पोर बघतं तसं बघितलं.

मग चालायला सांगितलं. पाय घासत गेले. आवडतं काय, विचारलं. ‘कायच न्हाय.’ रडू येतं का? ‘रडूबी येत न्हाय.’ आणि मग तो फोटो.

त्यांनी समजावलं ते तुम्हाला समजावते. मेंदूत बारीक बारीक रक्तवाहिन्या असतात, केसाएवढ्या. बीपी वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं, वर तंबाखू, की त्या कडक होतात, तुंबतात. जिथं रक्त पोचत नाही तिथं एवढासा भाग मरतो. मोठा झटका येत नाही, तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. फोटोत काळ्या कापडावर खळीचे थेंब वाळावेत तसे पांढरे डाग दिसतात. ह्यांच्या डोक्यात ते नेमके तिथं आहेत जिथून माणसाला ऊठ, लाग कामाला, हे झालं आता ते कर, असा हुकूम सुटतो. हुकूमच सुटत नाही, तर माणूस बसून राहतो. आणि बसून बसून मन खचतं. म्हातारपणी येणारं नैराश्य पुष्कळदा असं असतं, म्हणाल्या. रडत नाही, नुसतं बसतं. पुढं असंही म्हणाल्या, की डाग असलेला प्रत्येक माणूस खचतोच असं नाही, आणि खचलेल्या प्रत्येकाला डाग असतातच असंही नाही. पण दोघांचं साटंलोटं दाट आहे.

डाग पुसले जाणार नाहीत. पण मन वर येऊ शकतं. बीपीच्या गोळ्या, मनासाठी एक गोळी, तंबाखू बंद, रोज चालणं आणि कामाचे बारके तुकडे करून एकेक पुढं ठेवणं. दीड-दोन महिने धीर धरायला सांगितलाय. मी इतकी खूश झाले, की त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. नवऱ्याच्या मेंदूत डाग निघालेत आणि ही बाई हसतेय, असं वाटलं असेल. वाटू दे. दीड वर्ष मी भिंतीशी भांडत होते, आज भिंतीला नाव मिळालं.

तेव्हा मंजुश्रीच्या साडीचं जे झालं, ते ह्यामुळं झालं. तुमच्या अण्णांनी तुमची पोर परकी मानली नाही. त्या दिवशी कोण काय बोललं ते आता राहू द्या. तुम्ही या. एकदा येऊन फोटो बघून जा.

आता आशीर्वाद. मंगलला आणि मंजुश्रीलाही.

तुमची वहिनी
ताराबाई


वडगाव
२० सप्टेंबर २०२४

भाऊजी,

उत्तर नाही. पत्र दिल्याचं पोस्टमननं शपथेवर सांगितलं असतं, पण तो निपाणीचा, मला कुठं भेटणार. म्हणून धरून चालते की पोचलं आणि तुम्ही वाचून गप्प बसलात. तुमचा गप्प बसायचा स्वभाव नव्हता. लहानपणी ताप आला तरी बडबडायचा.

इकडची हकीकत. गोळ्या सुरू होऊन सतरा दिवस झाले. फरक शून्य. विक्रम म्हणतो, ‘आई, ह्या वयात आता काय हुतंय.’ त्याला म्हटलं, तू फौंड्रीत बस, मी इथं बसते. रोज सकाळी ह्यांना गल्लीच्या टोकापर्यंत नेते. पहिल्या दिवशी तिसऱ्या घराशीच बसले, अंबुबाईच्या पायरीवर. काल टोकापर्यंत आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ‘चला फिरायला’ म्हणू नका, ‘चप्पल घाला’ म्हणा. घातली की ‘दार उघडा’ म्हणा. सुनेला वाटतं मी चेष्टा करते. पण चालतं ते.

तंबाखूची मात्र लढाई आहे. परवा मागाच्या धोट्यांच्या डब्यात पुडी सापडली. आणि ती निपाणीची पुडी, ते तोंड वर करून सांगतात की ‘परशानं दिलेली हाय, टाकायची न्हाय.’ दीड वर्षापूर्वीची. तुमचं नाव त्यांनी स्वतःहून घेतलं ते त्या दिवशी. पुडी मी गटारात टाकली, नाव ठेवून घेतलं. तुम्हीही खात असाल अजून. सोडा ती.

आता साडीबद्दल एक गोष्ट सांगायचीय, जी मी तेव्हा सांगितली नाही. आपल्या घरची रीत तुम्हाला काय सांगणार. घरातल्या पोरीनं अक्षतेला घरच्या हातमागावरचीच साडी नेसायची, ती घरातल्या थोरल्यानं विणायची, आणि नवा ताणा जुन्या ताण्याला जोडताना पोरीच्या बापानं समोर बसून एकेक दोरा हातात द्यायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुम्ही निपाणीहून येऊन दोन दिवस बसलात. तुम्ही दोरा द्यायचा, ह्यांनी गाठ पिळायची. मी चहा देऊन दमले. सगळ्या गाठी झाल्या, तुम्ही हात जोडून गेलात.

त्यानंतर तीन महिने होते. हे रोज मागावर बसायचे. चार बोटं विणायचे, थांबायचे, काठाकडं बघायचे आणि उसवायचे. परत चार बोटं. परत उसवायचे. मी बघत होते. मला वाटलं, म्हातारा चिकित्सा करतोय, पुतणीची साडी आहे ना. नंतर तेही थांबलं. लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा तुम्ही साडी न्यायला आलात आणि मागावर दीड हात कापड होतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पदर पुरा झाल्याशिवाय साडी मागावरून कापायची नाही, आपल्याकडं तो अपशकुन. तुम्ही कात्री मागितलीत. मी दिली. तुम्ही कापलीत, कापड तिथंच टाकलंत आणि गेलात. अक्षतेला आम्ही नव्हतो. आपली पोर बाजारच्या साडीत उभी राहिली.

उसवत होते हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का, ते आज लिहवत नाही.

ताराबाई


वडगाव
१३ ऑक्टोबर २०२४

भाऊजी,

काल दसरा झाला. परवा खंडेनवमीला मागांची पूजा केली, गेल्या वर्षीसारखी मी आणि सूनच करणार होतो. फुलं वाहिली, नारळ ठेवला, मागं वळून बघते तर हे आंघोळ करून, टोपी घालून दारात उभे. कुणी सांगितलं नव्हतं. ‘चप्पल घाला’ नाही, ‘दार उघडा’ नाही. आपणहून. नारळ घेतला आणि फोडला. सून रडायला लागली, मी तिला ओरडले, आणि मग मीच आत जाऊन रडले. भात करपला. करपलेला भात सगळ्यांनी खाल्ला आणि ह्यांनी परत मागून घेतला.

मी नाचायची बाकी आहे. संध्याकाळी म्हणाले, ‘तारा, दोरं कुजलं असतील न्हवं मागावरचं.’ दीड वर्षानं मागाची चौकशी. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, चांगलं आहे, पण घाई करू नका, मधे परत ढेपाळतील, तेव्हा धीर सोडू नका. बरं म्हटलं. धीर कशाशी खातात हे मला आता विचारावं लोकांनी.

पण ते बोलायला लागले तशी मला भीती वाटायला लागली. कशाची, ते लिहिते. हे पत्र मी तीनदा फाडलंय.

त्या दिवशी तुम्ही मागासमोर उभे राहून मला विचारलंत, ‘वैनी, अण्णानं साडी का इणली न्हाय?’ मी म्हटलं, ‘ह्यांचं म्हणणं हाय, ज्यानं बापाचं माग विकून निपाणीत दुकान घातलं, त्याच्या पोरीला मागावरची साडी कशाला पायजे.’ तुम्ही ते त्यांचं बोलणं समजून कात्री मागितलीत.

भाऊजी, ते त्यांचं बोलणं नव्हतं. ते असलं काही बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना आधी. ते वाक्य माझं. उभ्या उभ्या सुचलं, उभ्या उभ्या बोलले.

का बोलले, तर लाज. मला दिसत होतं की ह्यांचं डोकं चालेना झालंय. अंबुबाईच्या सासऱ्याचं तसं झालं होतं तेव्हा गल्लीतली पोरं त्याच्या मागं लागायची, खडे मारायची, तुम्हीही त्यात होता. रागीट माणसाला गल्ली वचकून असते, वेड्याला कुणी सोडत नाही. मी ठरवलं, नवऱ्याला रागीट म्हणू दे जगाला. आणि रागाला कारण लागतं, तर कारण म्हणून मी तुमच्या गळ्यात ते दुकान अडकवलं. दुकान घालताना देव्हाऱ्यासमोर तुमच्या हातावर दही मीच घातलं होतं.

पोस्टात टाकायच्या आधी ह्यांना वाचून दाखवलं. म्हटलं, मी असं असं बोलले होते तुमच्या नावावर. खाली बघून ऐकलं. मग म्हणाले, ‘मी ऐकलतं तवाच. मी खुर्चीतच हुतो की.’

मग बोलला का नाही?

‘न्हाय म्हणायचं हुतं. तोंडापातूर आलं न्हाय.’ वर बघून म्हणाले, ‘तू राग म्हणालीस, ते जरा बरंच वाटलतं बघ. आत कायच नव्हतं माझ्या. राग तर हाय म्हटलं.’

भाऊजी, मला शिव्या द्या. फोन करून द्या, पत्रातून द्या, येऊन तोंडावर द्या. पण त्या माणसावरचा राग आजपासून माझ्या नावावर करा. एवढंच मागते.

ताराबाई


वडगाव
२८ ऑक्टोबर २०२४

मंगल,

हे पत्र तुझ्या नावानं आहे, पण वाचायचं आहे भाऊजींसमोर, मोठ्यानं. ते खुर्चीत असतील, असू दे. टीव्ही बंद कर. आधी ती जुनी तीन पत्रं फोड, जी तू सांगितलंस तशी देव्हाऱ्यामागं पडून आहेत, आणि तारखेप्रमाणं वाच. तिसऱ्यात माझं तोंड काळं होतं, तेही गाळू नकोस. मग हे.

भाऊजी, आता थेट तुमच्याशी बोलते. मंगलनं काल गच्चीवर जाऊन मला चोरून फोन केला. तिला रागवायचं नाही. ती म्हणाली, ‘अक्का, तुमी पत्रं पाठवू नका, ते फोडतबी न्हाईत. अजून राग गेला न्हाय त्यांचा.’ मी खट्टू झाले. फोन ठेवणारच होते. सहज विचारलं, दुकान कसं चाललंय? तर म्हणाली, ‘दुकानात जाईत न्हाईत धड. गेलं तर गादीवर बसत्यात. गिऱ्हाईकाला साडी उलगडून दावत्यात आन् घडी घालताना हात मधीच थांबतोय. साड्या तशाच पडत्यात, मी सांजच्याला जाऊन घड्या घालते.’

भाऊजी, मी उठून उभीच राहिले. तीस वर्षं गप्पा मारत, गिऱ्हाईकाकडं बघत, खाली न बघता घडी घालणारे हात तुमचे. ते मधे थांबतात?

मी तिला विचारलं, चालतात कसे? म्हणाली, ‘चप्पल घासत.’ मंजुश्री माहेरपणाला आली तेव्हा? ‘हूं म्हटले.’ बाळंतपणाची बातमी दिली तेव्हा? ‘हूं.’ रडतात? ‘न्हाय.’ बीपीची गोळी? ‘वरीस झालं सोडलीया. म्हणत्यात, मला काय झालंय.’ तंबाखू? ‘ती कुठं सुटतीया.’

मी गच्च धरून ठेवला फोन. मंगल, तुझी जाऊ वेडी झाली असं तुला वाटलं असेल, मी तेव्हा फोनवर हसत होते की ओरडत होते मलाच आठवत नाही. पण तुझ्या लक्षात येतंय का? मी दीड वर्ष इथं बसून म्हणत होते, हे रागावलेत. तू तिथं बसून म्हणत होतीस, ते रागावलेत. दोन्ही घरांत एकच खोटं, आणि आपण दोघी जावा त्याला फुंकर घालत बसलो. माझं तर मी जाणूनबुजून बोलले. तू माझ्यावर विश्वास ठेवून बोललीस.

म्हणून हे स्पष्ट लिहिते. भाऊजी, तुम्ही माझ्यावर रागावलेले असाल तर ते योग्यच आहे, रागवा. पण एवढा लांब राग तुमच्यात नाही. तुम्ही चौथीत असताना मी तुमचा पतंग चुलीत घातला होता, तेव्हा दुपारपर्यंत बोलला नव्हता, संध्याकाळी पोळीसाठी माझ्या मागं मागं. राग असता तर तुम्ही पत्र फोडून, वाचून, फाडून, फाटके तुकडे पाकिटात घालून मला परत पाठवले असते. न फोडलेलं पत्र रागाचं नसतं. ह्यांनीही वर्षभर एक पाकीट फोडलं नव्हतं, लाईटबिलसुद्धा.

मी काही डॉक्टर नाही. डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं तर त्याही म्हणाल्या, बघितल्याशिवाय काही सांगता येणार नाही, दुसरंही काही असू शकतं. पण बीपी दोघा भावांना आहे, तंबाखू दोघांची एक, तेव्हा उशीर करू नका, घेऊन या. आणि बोलताना जीभ अडखळली, किंवा एका बाजूचा हात-पाय गळाला, तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच घटकेला दवाखाना. मंगल, हे भिंतीवर लिहून ठेव.

११ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी अकराची वेळ घेतलीय. भाऊजींच्या नावानं. कार्डावर नाव लागलं आहे, परशराम. आता नाही म्हणायची सोय नाही.

तुझी अक्का
ताराबाई


वडगाव
९ नोव्हेंबर २०२४

मंगल,

गल्लीतला भावकू आज साड्यांचे गठ्ठे घेऊन निपाणीला निघालाय, त्याच्या हातात हे देते, दुपारपर्यंत पोचेल. तसंच मोठ्यानं वाच.

तुझा रात्रीचा निरोप विक्रमनं सांगितला. सगळी पत्रं वाचून झाली, भाऊजींनी ऐकून घेतली, तिसरं झाल्यावर म्हणाले, ‘वैनीनं लई वंगाळ केलं’, आणि भिंतीकडं तोंड केलं. वंगाळ केलंच. मला त्या वाक्याचा किती आनंद झाला सांगू? शिवी तर आली. आणि पुढं तू म्हणालीस, की दवाखान्याला यायचं म्हटलं तर हलायलाच तयार नाहीत. चप्पल समोर ठेवलीस, बघत बसले. मंजुश्रीनं फोनवर विनवलं, हूं म्हटले. तू रडून झालीस.

विक्रम म्हणाला, मी गाडी घेऊन जातो, उचलून आणतो काकाला. सून म्हणाली, असं उचलून आणलेलं माणूस डॉक्टरांशी काय बोलणार. मी म्हटलं, मी जाते, ओरडते. सगळे एकदम बोलायला लागलो. तुला माहीत आहे आपल्या घरात सगळे बोलायला लागले की कसं असतं.

हे दारात चप्पल घालत होते. सकाळचं फिरणं. वळून म्हणाले, ‘मी जातो.’

दीड वर्षात हा माणूस दवाखाना सोडला तर गल्लीच्या टोकापलीकडं गेलेला नाही. मागच्या आठवड्यात दिवाळीत परत दोन दिवस ढेपाळले होते, फराळाला हात लावला नव्हता. मी म्हटलं, निपाणी म्हणजे दोन तास बसचे, वाटेत घाबरलात तर? म्हणाले, ‘तू हाईस न्हवं संगं.’ विक्रम म्हणाला, गाडीनं सोडतो. तर नको. ‘बसनंच. परशाला सांगाय येईल, मी बसनं आलो म्हणून.’

तेव्हा उद्या रविवारी सकाळी आम्ही निघतो. साडेआठची बस. आम्हा बायकांना बस फुकट झाल्यापासून मी कुठंच गेले नव्हते, आता सरकारचं देणं वसूल करते. मधे कुठं उतरावं लागलं, बसावं लागलं, तर बसू, मागची बस धरू. एकदाच काय, चारदा बस बदलावी लागली तरी येतो. रात्री तुमच्याकडं राहणार, सोमवारी पहाटे चौघं मिळून बेळगावला. माझ्यासाठी भाकरी करू नकोस, मी बांधून आणते, तू फक्त भाऊजींपाशी बस.

मला कसली धास्ती आहे ते तुला सांगते, लपवायची सवय मोडायची ठरवलीय. ह्यांनी एवढं जाऊनही भाऊजी उठले नाहीत, तर हे परत कोसळतील का, ह्याची. ते मी ह्यांना विचारलं. तोंडावर विचारलं. माझ्या हातातून पेन घेतलं. दीड वर्षानं पेन धरतात, अक्षर तिरकं आहे, तेवढं भाऊजींच्या हातात दे, ते त्यांनी स्वतः वाचायचं. माझं पत्र इथंच संपलं.

ताराबाई

परशा,
उद्या येतोय. आमी आलो तरी तू उठू नको. उठाय किती जड जातंय ते मला म्हाईत हाय. साडी न्यायला तू दारात आलतास, मला उठायचं हुतं. उठाय आलं न्हाय. राग नव्हता रं. तू बस हाईस तिथंच. मी येतो तुझ्यापातूर.
अण्णा